ईस्टरचं पहिलं वाचन

ईस्टर आला की मला माणसांचा हेवा वाटू लागतो. उपवासकाळाचे चाळीस दिवस मी बरी असते. राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेते, मटण सोडते, गोड सोडते. एका वर्षी तर चहा सोडला होता, तेव्हा घरातल्यांनी हात जोडून मला तो परत घ्यायला लावला. पण ईस्टरच्या सकाळी कुणी चर्चमधल्या वाचनमंचापाशी जाऊन उभं राहिलं, माइकवर टकटक करून पाहिलं, की मी कान टवकारून चुका शोधू लागते. परवाही तसंच झालं. कुणाची तरी नात, विशीतली पोर, बायबलमधलं पहिलं वाचन वाचायला गेली. उच्चार स्वच्छ, आवाज मोकळा, कुठे घाई नाही. छान वाचते मेली, असं मी मनात म्हटलं आणि घाईघाईनं छातीवर क्रुसाची खूण केली.

मिस्सा, म्हणजे आमची चर्चमधली उपासना, संपल्यावर बाहेर आले. आवारातल्या कडुनिंबाचा मोहर पायऱ्यांवर सांडला होता. नाशिकमध्ये ईस्टर येतो तो असाच, सकाळी नऊलाच डोक्यावर ऊन, निंबाच्या मोहराचा कडवट गोड वास, आणि रस्त्यावरून उन्हाळ कांद्याचे ट्रक गेले की त्यात मिसळलेला कांद्याचा वास. गाडीवर शेवटची द्राक्षं असतात, देठाशी सुकत आलेली आणि म्हणूनच फार गोड. नव्या साडीची खळ घामानं मानेला चिकटते. इतक्या वर्षांत यातलं फारसं काही बदललेलं नाही. मीही बदललेले नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

लोकांना उपवासकाळ लक्षात राहतो, पण त्यानंतरचा पुनरुत्थानकाळ पन्नास दिवसांचा असतो हे कुणाच्या गावी नसतं. दुःखाला चाळीस दिवस, आनंदाला पन्नास. दुःख निभावता येतं. तोंड पाडून बसलं की झालं. दुसऱ्याच्या आनंदात पन्नास दिवस आनंदी राहायचं म्हणजे मात्र कसोटी आहे. या दिवसांत जी शुभवर्तमानं वाचतात त्यांत मला तर जिकडेतिकडे हेवाच दिसतो. पुनरुत्थित प्रभू पहिल्यांदा दिसला तो मरिया माग्दालेनाला, एका बाईला. बायका धावत सांगायला आल्या तर पुरुषांना ती बडबड वाटली. मग पेत्र आणि तो दुसरा लाडका शिष्य कबरीकडे धावले. सगळं जग उलटंपालटं व्हायची वेळ, आणि योहानाच्या शुभवर्तमानात आवर्जून सांगितलंय की दुसरा शिष्य पेत्रापेक्षा जोरात धावला आणि आधी पोहोचला! हे वाचलं की मला हसू येतं. कुठेही जा, आधी कोण पोहोचलं याची नोंद माणूस ठेवतोच.

थोमा या शिष्याचंही तसंच. सगळे त्याला संशयी म्हणतात. मी शाळेत मुलांना शिकवताना तसंच सांगत आले. पण मनातून मला तो रुसलेला वाटतो. दहा जणांना दर्शन झालं, आणि हा एकटा नेमका तेव्हा घरात नव्हता. बाहेरून आला तर सगळे आनंदानं वेडे झालेले. त्याचा जीव जळला असणार. तुम्हाला दिसला आणि मला नाही? मग मी नाहीच मानत जा! अविश्वास वगैरे नंतर. आधी माणूस डावललं गेल्याचा राग करतो. हे मला पुस्तकातून कळलं नाही. एका ईस्टरला ते मी स्वतः भोगलं.

तेव्हा ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. मी नाशिक रोडला सिस्टरांच्या मराठी शाळेत शिक्षिका होते. लहानपणी आमची मिस्सा लॅटिनमध्ये असायची, आम्ही न समजता गुडघे टेकायचो. पुढे ती मराठीत आली, आणि शुभवर्तमानाच्या आधीची वाचनं आणि स्तोत्र वाचायचं काम आमच्यासारख्या साध्या माणसांकडे आलं. सत्तरच्या दशकात आमच्या चर्चमध्ये मंचावर जाऊन वाचणारी पहिली बाई मी. ईस्टरचं पहिलं वाचन तर ओळीनं सहा वर्षं माझंच होतं. पेत्र एका परक्या माणसाच्या घरात उभा राहून साक्ष देतो, तिसऱ्या दिवशी देवानं प्रभूला मेलेल्यांतून उठवलं म्हणून सांगतो, ते वाचन. त्यासाठी आठवडाभर मी तिखट खात नसे. सकाळी कोमट पाण्याच्या गुळण्या करी. आमचे हे म्हणत, "अगं, वाचायचंय की निवडणूक लढवायचीय?" सणालाच लाउडस्पीकर लागे. माझा आवाज कंपाउंडच्या भिंतीबाहेर, रिक्षा स्टँडपर्यंत जाई. घरी मी आई होते, शाळेत अकरा बायांपैकी एक होते. त्या पाच मिनिटांत मात्र मी स्टेला बाई असे, आणि सारं चर्च गप्प बसून माझं शुद्ध मराठी ऐकत असे.

त्या वर्षी उपवासकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात फादर लुईस शाळेत आले. ते वसईचे, बोलायला मऊ. व्हरांड्यात उभं राहून म्हणाले, "बाई, यंदा ईस्टरचं वाचन आपण सगुणाबाईंना देऊ या. तुम्ही त्यांची तयारी करून घ्या. तुमच्याशिवाय कोण करणार?"

सगुणाबाई सिस्टरांच्या बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात होती. तिची माणसं सटाण्याकडची. नवरा नाशिकच्याच अंबड भागातल्या एका नव्या कारखान्यात हेल्पर लागला म्हणून दोन वर्षांपूर्वी इथे आलेली. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात बसून वाचायला शिकली होती. म्हणजे मी ज्या वयात बी.एड. झाले त्या वयात ती बाराखडी गिरवत होती. तांदूळ निवडताना ती गायची, आणि फादरांनी ते गाणं ऐकलं होतं. आवाज होता खरा. भरदार, जरा खरखरीत, पण कानाला धरून ठेवणारा.

मी म्हणाले, "हो फादर, का नाही!" आणि पाचवीच्या वर्गात जाऊन एका पोरीला उगाचच उभं केलं.

रोज चारला शाळा सुटली की चर्चच्या मागच्या ओट्यावर आमची तालीम चाले. सगुणाबाई हात धुऊन, पदर नीट करून यायची. कागद दोन्ही हातांनी धरायची. पहिल्याच दिवशी म्हणाली, "बाई, माले वाचता येस, पन लोकंसमोर जीभ जड व्हस. तुम्ही सांगशात तसं म्हनसू." तिची बोली अहिराणी. तिच्या तोंडी 'ळ'चा 'य' व्हायचा, काळाचं काया, मिळालाचं मियाला. 'ण' तर तिच्या गावीच नव्हता. आणि 'आहे' म्हणायचं तिथे तोंडातून 'शे' निघून जायचं. मी पेन्सिल घेऊन बसले. एकेका शब्दाखाली रेघ मारली. चूक झाली की पेन्सिल ओट्यावर टक् करून आपटायची. ती थांबायची, जीभ चावायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. दहा वेळा. वीस वेळा. तिला राग यावा असं मला फार वाटायचं. तो येत नव्हता.

एकदा तिनं फडक्यात बांधून कळण्याची भाकरी आणि ठेचा आणला. कळणा म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेलं पीठ. तिच्याकडचं रोजचं खाणं. "बाई, तुमना घसाले तिखट चालंस ना आते? यंदा तुमले वाचनं नही," असं ती अगदी सरळ मनानं म्हणाली. माझ्या तिखट सोडण्याची गोष्ट सिस्टरांनी तिला सांगितली असावी. मी भाकरी खाल्ली. चव अशी होती की मी अजून ती विसरलेले नाही, पण तिचं वाक्य मात्र मी घरापर्यंत चघळत गेले. घरी येऊन यांना म्हणाले, "बाई साधी दिसते, पण आतल्या गाठीची आहे." हे म्हणाले, "आतल्या गाठीची कोण आहे ते आरशाला विचार." त्या रात्री मी त्यांच्याशी बोलले नाही.

हळूहळू ती सुधारली. ळ आला, ण आला. शे मागे पडला. मला याचा अभिमान वाटायला हवा होता. मी शिक्षिका, कच्चं मूल पक्कं केल्यावर होणारा आनंद मला नवा नव्हता. पण ती जसजशी चांगली वाचू लागली तसतशी मी आतून आंबत गेले. तिच्याकडे आवाज आधीच होता. शुद्ध उच्चार हीच काय ती माझी कमाई, आणि तीही मी रोज चार वाजता माझ्या हातानं तिच्या पदरात टाकत होते.

शनिवारी दुपारी शेवटची तालीम. चर्चमध्ये सिस्टर फुलं लावत होत्या, म्हणून आम्ही ओट्यावरच बसलो. वाचन तिनं एका दमात बिनचूक म्हटलं. मग स्तोत्र. आमच्याकडे पुष्कळांना वाचता येत नसे, म्हणून स्तोत्राचं पालुपद वाचणाऱ्यानं आधी म्हणायचं आणि मग सगळ्यांनी तेच परत म्हणायचं, अशी रीत. त्या दिवशीचं पालुपद होतं, हा दिवस प्रभूनं घडवला आहे, चला आनंद करू. सगुणाबाईनं डोळे मिटले आणि म्हटलं, "हा दिवस प्रभूनं घडवला शे."

पेन्सिल माझ्या हातात होती. मी ती आपटली नाही. तिनं पुढचं कडवं म्हटलं आणि पुन्हा तेच, "घडवला शे." मी मान खाली घातली, कागदाकडे पाहिलं. उद्या भर ईस्टरला हा शे लाउडस्पीकरवरून रिक्षा स्टँडपर्यंत जाईल, लोक हसतील, फादर कपाळाला हात लावतील आणि पुढच्या वर्षी मुकाट्यानं माझ्याकडे येतील, हे सारं मला एका क्षणात दिसलं. ओठांवर हसू आलं असणार, ते काही मला आवरता आलं नाही. मी म्हणाले, "छान. जमलंय आता. जा तुम्ही."

पाप करताना मोठा आवाज होत नाही, एवढं मी त्या दिवशी शिकले. मी खोटं बोलले नव्हते, कुणाला शिवी दिली नव्हती. एक अक्षर दुरुस्त केलं नव्हतं, बस्स.

रविवारी सकाळी मी तिसऱ्या बाकावर बसले, मोतिया रंगाची साडी नेसून. ती साडी मी वाचायला जाण्यासाठीच घेतली होती. सगुणाबाई हिरव्या लुगड्यात मंचावर गेली. तिनं वाचन सुरू केलं आणि चर्च गप्प झालं. माझ्या वाचनाला लोक गप्प बसायचे ते शिस्तीनं. हे गप्प बसणं वेगळं होतं. पंख्यांची घरघर तेवढी ऐकू येत होती. पेत्र मुळात मासेमार. तो बोलत होता, आणि खरोखर एखादा कोळी बोलतोय असं वाटत होतं. मला तिच्या पायाखालची जमीन ओढून घ्यावीशी वाटली.

मग स्तोत्र आलं. पहिल्यांदा तिनं म्हटलं, "घडवला आहे," अगदी मी शिकवलं तसं. लोकांनी परत म्हटलं. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पहिलं कडवं झालं. तिनं मान वर केली, सगळ्यांकडे पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाली, "हा दिवस प्रभूनं घडवला शे!"

पुढच्या बाकावरच्या माझ्या वर्गातल्या दोन पोरी फिसकन हसल्या. मी वाट पाहत होते तेच घडत होतं. आणि तेवढ्यात मागून आवाज आला. दाराशी काही माणसं असायची, अंबडच्या कारखान्यांतले हेल्पर, बांधकामावरचे मजूर, सटाणा-नांदगावकडून पोटासाठी आलेली. मिस्सेत ती हाताची घडी घालून उभी असत. सहा वर्षांत मी त्यांच्या तोंडून एक प्रतिसाद ऐकला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यांना तोंड आहे हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. ती माणसं एका दमात म्हणाली, "हा दिवस प्रभूनं घडवला शे, चला आनंद करू!"

पुढच्या खेपेला मधले बाक सामील झाले. त्यानंतर हसणाऱ्या पोरींनीही तेच म्हटलं. फादर लुईस खाली बघून हसत होते, पण त्यांचे ओठ हलत होते. मी मात्र ताठ बसून, जीव तोडून, स्पष्ट म्हणत राहिले, "घडवला आहे." माझा 'आहे' माझ्या शेजारणीलासुद्धा ऐकू गेला नसेल.

बाहेर पायऱ्यांवर लोकांनी तिला गराडा घातला. कुणी पुरणपोळी दिली, कुणी केक. एक म्हातारी तिच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडत होती. फादर माझ्यापाशी येऊन म्हणाले, "बाई, ही सगळी तुमची मेहनत." मी म्हणाले, "छे छे, माझं काय!" हे इतकं खरं मी आयुष्यात क्वचितच बोलले असेन.

पुढच्या रविवारी थोमाच्या गोष्टीचं शुभवर्तमान होतं. मी फादरांना घसा बसल्याचं सांगितलं आणि वाचायला गेले नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही घसा बसलेलाच होता. आनंदाचे पन्नास दिवस, आणि मी त्यांत घसा धरून बसले होते. एकदा शाळेत मुलांना सरोवराकाठची गोष्ट सांगत होते. प्रभू पेत्राला एवढं मोठं काम सोपवतो, आणि पेत्र वळून त्या लाडक्या शिष्याकडे बघून विचारतो, आणि याचं काय? प्रभू त्याला म्हणतो त्याचा अर्थ असा की, त्याचं काहीही होवो, तुला काय करायचंय? तू आपला माझ्यामागे ये. गोष्ट सांगता सांगता मी थांबले. एका मुलीनं विचारलं, "बाई, पुढे काय झालं?" मी म्हणाले, "पुढे घंटा झाली," आणि वर्गाबाहेर पडून थेट बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात गेले. मला तिची माफी मागायची होती. तिच्या तोंडावर सांगायचं होतं की मी ते मुद्दाम होऊ दिलं. ते सांगितल्याशिवाय पुन्हा त्या मंचावर पाय ठेवायचा नाही, असं मी ठरवलं होतं.

दुपारची वेळ होती. सगुणाबाई परात मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होती. मी समोर पाटावर बसले आणि एका श्वासात म्हणाले, "सगुणाबाई, त्या शनिवारी तुम्ही दोनदा शे म्हणालात. मी ऐकलं होतं."

"माले माहीत शे ना, बाई," ती म्हणाली.

"माहीत होतं?"

"तुम्ही पेन्सिल आपटी नही. खाली पाह्यं, आन् जराश्या हासन्यात. माले वाटनं, बाईंले बी आपली बोली गोड लागनी. म्हनीसन रविवारले मी मुद्दाम तसंच म्हनं. तुम्ही हासन्यात नसत्या, तर मनी काय हिंमत व्हती?"

तिची ती चूक नव्हती, तिला मी दिलेली परवानगी होती. माझं ते घाणेरडं हसू तिनं प्रेमाचं समजून घेतलं होतं आणि त्याच्या बळावर ती साऱ्या चर्चसमोर उभी राहिली होती. खरं सांगितलं असतं तर माझं मन हलकं झालं असतं, आणि तिचा ईस्टर नासला असता. न सांगावं, तर मी आयुष्यभर तिच्या डोळ्यांत भली बाई म्हणून राहणार. मी गप्प बसले. तिच्यासाठी बसले की माझ्यासाठी, याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. आधी तिचं अक्षर दुरुस्त केलं नव्हतं, आता तिची समजूतही दुरुस्त केली नाही.

तिनं परातीतला एक खडा काढून टाकला आणि सहज विचारलं, "तुमना गावले काय म्हनतस बाई, आहेले?"

माझं गाव संगमनेरच्या पलीकडे. माझी आजी 'आहे'ला हाय म्हणायची. मीही सहा वर्षांची होईपर्यंत हाय म्हणायचे, लय म्हणायचे, नाय म्हणायचे. आमचे वडील मिशनच्या शाळेत शिकून मास्तर झाले, आणि पुढे घरात कुणाच्या तोंडून हाय निघालं की जेवणाचं ताट मागे सरकवलं जाई. वर्षभरात माझा हाय गेला. आजी मरेपर्यंत माझ्याशी बोलताना चाचरत असे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, यांनासुद्धा नाही. सगुणाबाई तोंडाकडे बघत होती. शब्द जिभेवर आला होता. एवढा एक शब्द मी तिला देऊ शकले असते.

"आहे," मी म्हणाले. "आमच्याकडे 'आहे'च म्हणतात."

"मंग तुमले सोपं गयं व्हई," सगुणाबाई म्हणाली.

मी हो म्हणाले. ती पुन्हा तांदूळ निवडू लागली, आणि निवडता निवडता गाऊ लागली, तिच्या आईच्या बोलीत.